इसार देण्यापूर्वी
(लेखमाला : घरखरेदी – व्यवहार आणि कायदा, लेखांक ६)

मागील लेखांकात घरासाठी किती पैसा उभा करता येईल याचा हिशेब मांडला होता. प्रस्तुत लेखांकाचा विषय त्यानंतरचा, परंतु कोणतीही रक्कम हातची सुटण्याआधीचा टप्पा हा आहे. महाराष्ट्रातील शहरांत सर्वाधिक आढळणारा व्यवहार म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका तिच्या सध्याच्या मालकाकडून विकत घेणे, आणि विवेचन तेवढ्यापुरतेच ठेवले आहे. अशा व्यवहारात खरेदीदार आपली किंमत सांगतो, घासाघीस होऊन ती ठरते आणि व्यवहार पक्का झाल्याची खूण म्हणून काही रक्कम विक्रेत्याला दिली जाते. तिला इसार किंवा बयाणा म्हणतात, आणि दलालांच्या तोंडी आता ‘टोकन’ हा शब्द रुळला आहे. सर्वसाधारण रिवाज असा की टोकन आधी दिले जाते, कागदपत्रांच्या प्रती त्यानंतर मिळतात आणि वकिलाच्या हाती त्या याहूनही उशिरा, बहुधा बँकेने कर्जासाठी मागितल्यावर, पडतात. हा क्रम उलटा आहे. एकदा रक्कम अडकली की कागदात आढळलेला प्रत्येक दोष चालवून घेण्याजोगा वाटू लागतो, व्यवहार मोडल्यास इसार बुडण्याची धास्ती असते, आणि ज्या माहितीच्या बळावर किंमत कमी मागता आली असती ती माहिती किंमत ठरून गेल्यावर हाती येते.

कागद आधी आणि इसार नंतर, या आग्रहामागे केवळ व्यवहारचातुर्य नाही, कायद्याची एक ठाम भूमिका आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ३ मध्ये एखाद्या गोष्टीची ‘नोटीस’ असणे म्हणजे काय हे सांगितले आहे. ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत असणे ही नोटीस आहेच. परंतु जी चौकशी करायला हवी होती ती जाणूनबुजून टाळल्यामुळे किंवा घोर निष्काळजीपणामुळे ती कळली नसेल, तरीही ती माहीत होती असेच धरले जाते. मालमत्तेविषयीचा दस्त रीतसर नोंदलेला असेल तर पुढील खरेदीदाराला त्याची नोटीस आहे असे कायदा मानतो, आणि त्या मालमत्तेचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे असेल त्याचा तिच्यावर जो काही हक्क असेल त्याचीही नोटीस खरेदीदाराला आहे असे समजतो. कलम ५५ विक्रेत्यावर दोष उघड करण्याचे बंधन घालते खरे, पण ते विक्रेत्याला माहीत असलेल्या आणि खरेदीदाराला सामान्य दक्षतेने शोधून काढता न येणाऱ्या महत्त्वाच्या दोषांपुरतेच आहे. जे शोधता आले असते ते शोधले नाही, तर त्याचा भार खरेदीदारावर पडतो. ‘कुणी सांगितलेच नाही’ ही सबब न्यायालयात फारशी टिकत नाही. म्हणून किंमत सांगण्यापूर्वी काय काय शोधता येते, ते कुठे मिळते आणि कसे वाचायचे, हे समजून घेणे आयुष्यभराची बचत घरात घालणाऱ्या कुटुंबासाठी अतिशय निकडीचे आहे.

विकणारा कोण आणि त्याचा हक्क कुठून आला

चौकशीचा पहिला प्रश्न घराविषयीचा नसून माणसाविषयीचा असतो. सदनिका विकणाऱ्याला ती विकण्याचा पूर्ण हक्क आहे का, हे ठरवण्यासाठी बिल्डरने पहिल्या खरेदीदाराशी केलेल्या करारापासून सध्याच्या मालकाच्या नावे झालेल्या दस्तापर्यंतची सलग साखळी पाहावी लागते. समजा, १९८८ साली बांधलेल्या इमारतीतील सदनिका तीनदा विकली गेली असेल, तर बिल्डरचा मूळ करार आणि त्यानंतरचे तीनही करार, प्रत्येक करारावर भरलेले मुद्रांक शुल्क आणि नोंदणीची पावती अशी मूळ कागदपत्रे विक्रेत्याजवळ असली पाहिजेत. छायाप्रतींवर समाधान मानू नये. मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. साखळीतील एखादा दुवा नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर आधारलेला असेल, म्हणजे आधीच्या मालकाने खरेदीखत न करता केवळ मुखत्यारपत्र आणि करार लिहून देऊन पैसे घेतले असतील, तर अशा कागदांनी मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. जुन्या करारांच्या बाबतीत एक तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १० डिसेंबर १९८५ पासून महाराष्ट्रात ताबा देणाऱ्या किंवा देऊ करणाऱ्या विक्रीकरारावर खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क लागू झाले, त्यामुळे त्याआधीचे करार अल्प किमतीच्या मुद्रांकावर असले तर त्यात वावगे नाही. त्यानंतरच्या करारावर मात्र शुल्क अपुरे असेल तर तो दस्त पुराव्यात घेतला जात नाही, आणि तुटीची रक्कम तिच्यावरील दंडासह कुणीतरी भरावी लागते. हा ‘कुणीतरी’ कोण, हे किंमत ठरण्यापूर्वीच निश्चित झाले पाहिजे.

विक्रेत्याने दाखवलेल्या कागदांची पडताळणी करण्याचे स्वतंत्र साधन म्हणजे नोंदणी कार्यालयाची सूची क्रमांक दोन, जिला बोलीभाषेत ‘इंडेक्स टू’ म्हणतात. नोंदणी झालेल्या प्रत्येक दस्ताचा हा एका पानाचा गोषवारा असून तो पाहण्याचा अधिकार कोणालाही आहे. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर वर्ष, गाव आणि मिळकतीचा क्रमांक देऊन तो शोधता येतो. त्याच्या रकान्यांत दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, मिळकतीचे वर्णन, क्षेत्रफळ, दस्त लिहून देणाऱ्यांची आणि लिहून घेणाऱ्यांची नावे, दस्त केल्याची आणि नोंदल्याची तारीख असा मजकूर असतो. वाचताना नजर दोन जागी थांबली पाहिजे. एक म्हणजे लिहून घेणाऱ्यांचा रकाना, कारण विक्री करायला पुढे आलेली व्यक्ती एकटी असली तरी तिथे पत्नीचे, भावाचे किंवा वडिलांचे नाव सहमालक म्हणून असू शकते आणि त्यांच्या सहीवाचून व्यवहार अपुरा राहतो. दुसरी जागा दस्ताच्या प्रकाराची. त्याच सदनिकेवर विक्रीखेरीज गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र किंवा न्यायालयीन दाव्याची नोटीस अशी एखादी नोंद निघाली तर साखळीचे चित्रच बदलते. संगणकपूर्व काळातील सूची मात्र संकेतस्थळावर नेहमी सापडत नाही, तिच्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जुनी पुस्तके चाळावी लागतात. हे काम वकिलामार्फत करवून घेण्याचा आणि तीस वर्षांचा मागोवा घेण्याचा प्रघात आहे. या मागोव्याला ‘सर्च’ आणि त्यावर वकिलाने दिलेल्या मताला ‘सर्च रिपोर्ट’ म्हणतात.

सर्वाधिक व्यवहार जिथे अडतात ती जागा वारसाहक्काची आहे, आणि तिच्याकडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. वडील वारले, संस्थेच्या दप्तरी नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनेशन, धाकट्या मुलाच्या नावे होते, संस्थेने भागदाखल्याच्या, म्हणजे शेअर सर्टिफिकेटच्या, मागील बाजूस त्याचे नाव चढवले आणि आता तोच घर विकतो आहे, अशी स्थिती वारंवार आढळते. भागदाखल्यावर नाव आहे म्हणजे मालकी आहे, ही समजूत इतकी पक्की बसलेली आहे की अनुभवी दलालही ती बोलून दाखवतात. कायद्याची स्थिती निराळी आहे. नामनिर्देशनाने संस्थेने कुणाशी व्यवहार ठेवावा एवढाच प्रश्न सुटतो, मृताच्या वारसांचा मालकीहक्क त्यामुळे पुसला जात नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण घातले गेले त्यातही नामनिर्देशित व्यक्तीला, वारस सदस्य होईपर्यंत, तात्पुरत्या सदस्याचेच स्थान दिले आहे. वारस कोण हे मृताच्या धर्माला लागू असलेल्या कायद्याने ठरते. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाच्या बाबतीत हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस असून त्यांचे वाटे सारखे असतात. यातील मुलींचा हक्क आता बहुतेकांना ठाऊक असतो, पण आईचा वाटा हमखास विसरला जातो. मुलगा वारला आणि त्याची वृद्ध आई त्या वेळी हयात होती, तर तिचाही हिस्सा निर्माण झाला. ती पुढे वारली की तो हिस्सा तिच्या इतर मुलामुलींकडेही, म्हणजे मृताच्या भावाबहिणींकडेही, गेला. अशा रीतीने ज्या घराशी कुणाचा काही संबंध दिसत नाही त्या घरात साताऱ्याची आत्या आणि नाशिकचा काका कायद्याने हिस्सेदार होऊन बसतात.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक वारसाने विक्रीच्या दस्तावर सही करणे, किंवा आपला हिस्सा विक्रेत्याच्या नावे सोडल्याचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देणे. साध्या कागदावरची किंवा केवळ नोटरीसमोर केलेली ‘ना हरकत’ इथे पुरत नाही, कारण स्थावर मालमत्तेतील हक्क सोडण्याच्या दस्ताला नोंदणी अनिवार्य आहे. एखादा वारस अज्ञान असेल, म्हणजे १८ वर्षांखालील असेल, तर त्याचा हिस्सा नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. म्हणून साखळीत कुठेही मृत्यू आला असेल तर मृत्यूचा दाखला, त्या दिवशी हयात असलेल्या नातेवाइकांची यादी आणि मृत्युपत्र असल्यास त्याची प्रत हे तीन कागद किमतीच्या बोलण्याआधी मागावेत. घरातील माणसांविषयी असे प्रश्न विचारणे अनेकांना संकोचाचे वाटते. तरीही ते विचारलेच पाहिजेत, आणि ज्याचा हक्क स्वच्छ आहे त्या विक्रेत्याला त्यांचे उत्तर देणे जड जात नाही.

ताब्याचा प्रश्न याला लागूनच येतो. घर पाहायला गेल्यावर तिथे राहणारी व्यक्ती कोण आहे आणि कोणत्या नात्याने राहते, हे शांतपणे विचारून घ्यावे. भाडेकरू असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार आणि त्याची मुदत पाहावी. घर पतीच्या नावे असून पती-पत्नीत दावा चालू असेल तर सामायिक घरात राहण्याचा पत्नीचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली उभा राहू शकतो, आणि तो सूची क्रमांक दोनमध्ये कुठेही दिसत नाही.

घरावर कर्ज आहे का, याचे उत्तर विक्रेत्याच्या शब्दावर सोडण्याचे आता कारण उरलेले नाही. बँका बहुधा मूळ कागदपत्रे ठेवून घेऊन कर्ज देतात. या प्रकारच्या गहाणाला वेगळा दस्त लागत नसल्यामुळे पूर्वी ते नोंदणी कार्यालयात दिसतच नसे. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाकडे दाखल करणे बंधनकारक झाले, आणि त्याआधी २०११ पासून बँकांकडील गहाणांची केंद्रीय नोंदवही, सरसाई, सुरू झाली होती, जिच्यात अल्प शुल्क भरून कोणालाही मिळकतीचा शोध घेता येतो. कर्ज आहे म्हणून घर सोडून देण्याचे कारण नाही. बँकेकडून शिल्लक रकमेचे पत्र आणि बँकेच्या ताब्यातील कागदांची यादी घेऊन ती रक्कम थेट कर्जखात्यात भरण्याची व्यवस्था करता येते. मात्र ‘मूळ करार गहाळ झाला आहे’ असे उत्तर मिळाले तर सावध व्हावे. पोलिसांकडील तक्रार आणि वृत्तपत्रातील जाहीर नोटीस हे उपाय प्रचारात आहेत, तरी तो कागद हरवलेला नसून कुणा सावकाराकडे किंवा पतसंस्थेत ठेवलेला असण्याची शक्यता त्यांनी पूर्णपणे संपत नाही.

इमारत अधिकृत आहे का

सदनिकेचा मालक निर्विवाद असला तरी ती ज्या इमारतीत आहे ती इमारत कायद्याच्या दृष्टीने राहण्यास योग्य ठरलेली आहे का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. बांधकाम सुरू करण्यापूर्वी नियोजन प्राधिकरण, म्हणजे बहुधा महानगरपालिका, मंजूर नकाशासह प्रारंभ प्रमाणपत्र देते आणि बांधकाम त्या नकाशाप्रमाणे झाल्याची खात्री पटल्यावर भोगवटा प्रमाणपत्र देते. या दुसऱ्या कागदाला सर्वत्र ‘ओसी’ म्हणतात. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या हजारो इमारतींत माणसे दशकानुदशके राहत आहेत, त्यांना वीज आहे, पाणी आहे, मालमत्ता कराची बिले येतात आणि घरांचे दस्तही नोंदले जातात. त्यामुळे सारे सुरळीत आहे असा समज होतो. परंतु दस्ताची नोंदणी करणारे कार्यालय बांधकामाची वैधता प्रमाणित करत नाही आणि कर आकारल्यामुळे अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला संकुलाचे प्रकरण या संदर्भात प्रत्येक खरेदीदाराने आठवावे असे आहे. १९८० च्या दशकात तेथे मंजुरीपेक्षा कितीतरी अधिक मजले चढवले गेले, त्या मजल्यांवरील घरांत कुटुंबे वर्षानुवर्षे राहिली, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मजले अनधिकृत असल्याचा निर्णय कायम केल्यावर २०१४ च्या जूनमध्ये महापालिकेने त्या घरांचे वीज, पाणी आणि गॅसचे पुरवठे तोडले. रहिवाशांच्या दुःखाबद्दल समाजात सहानुभूती होती. तिचा कायद्यापुढे उपयोग झाला नाही.

इतक्या टोकाला न जाताही भोगवटा प्रमाणपत्राच्या अभावाची किंमत दरमहा मोजावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये निकाल दिलेल्या मुंबईतील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, बिल्डरने हे प्रमाणपत्र न मिळवल्यामुळे सदस्यांना २५ टक्के अधिक मालमत्ता कर आणि पाण्यासाठी ५० टक्के अधिक आकार भरावा लागत होता. न्यायालयाने ही बिल्डरच्या सेवेतील त्रुटी ठरवली, परंतु तोवर संस्थेची कित्येक वर्षे झगडण्यात गेली होती. म्हणून प्रमाणपत्राची प्रत मागून त्यावरील इमारतीचे नाव, विंग आणि मजल्यांची संख्या प्रत्यक्ष इमारतीशी ताडून पाहावी, कारण अनेकदा प्रमाणपत्र असते ते पहिल्या सहा मजल्यांचे आणि विक्रीला असते ते सातव्या मजल्यावरचे घर. मंजूर नकाशाही मिळवावा. बंदिस्त केलेली बाल्कनी, दोन सदनिका जोडताना पाडलेली भिंत, गच्चीवर घातलेले छप्पर हे सारे नकाशावर नसेल तर त्या क्षेत्राची किंमत मोजण्याचे कारण नाही. करबिलावर ‘शास्ती’ असा रकाना भरलेला दिसला तर तो अनधिकृत बांधकामाचा निर्देश असू शकतो.

इमारतीखालच्या जमिनीविषयी खरेदीदार सहसा विचारत नाही, आणि पुनर्विकासाच्या काळात हेच मौन महागात पडते. महाराष्ट्र फ्लॅट मालकी अधिनियम, १९६३ आणि त्याखालील नियमांनुसार, वेगळी मुदत ठरली नसल्यास, संस्था स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची असते. या दस्ताला अभिहस्तांतरण किंवा ‘कन्व्हेयन्स’ म्हणतात. असंख्य संस्थांना तो कधीच मिळाला नाही. २००८ सालच्या दुरुस्तीने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून बिल्डरच्या सहीवाचून ‘मानीव अभिहस्तांतरण’ मिळवण्याची सोय झाली, तरी ती प्रक्रिया पार न पाडलेल्या संस्थांत वाढीव बांधकामाचा हक्क कुणाचा हा वाद जिवंत राहतो. खातरजमा करण्यासाठी शहरी भागात मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, आणि जिथे नगर भूमापन झालेले नाही तिथे सातबारा उतारा पाहावा. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. परंतु त्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजे, कुळाची नोंद किंवा हस्तांतरणावरील निर्बंध दिसतात आणि भूधारणेचा प्रकार कळतो. तिथे ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असेल तर जमीन शासनाच्या अटींवर दिलेली असून हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती मिळेपर्यंत लागणारा वेळ व भरावी लागणारी रक्कम दोन्ही विचारात घ्यावी लागतात. नवी मुंबईत जमीन बहुधा सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असते, तेव्हा पट्ट्याची उरलेली मुदत आणि सिडकोचे हस्तांतरण शुल्क यांची चौकशी तिथे आधी व्हावी.

संस्थेच्या कार्यालयात आणि इमारतीभोवती

विक्रेता आणि दलाल यांच्याव्यतिरिक्त ज्याला घराविषयी बरेच ठाऊक असते असा तिसरा माणूस म्हणजे संस्थेचा सचिव. विक्रेत्याच्या संमतीने त्याची भेट घेऊन सर्वांत अलीकडचे देखभाल बिल, थकबाकी नसल्याचा दाखला, मागील दोन-तीन वार्षिक सभांचे इतिवृत्त आणि लेखापरीक्षण अहवाल पाहण्याची विनंती करावी. बिलावर मागील बाकी आणि तिच्यावरील व्याज स्पष्ट लिहिलेले असते. घर भाड्याने दिलेले असेल तर बिगर भोगवटा शुल्काची ओळ दिसते. इतिवृत्तात मात्र त्याहून मोलाची माहिती असते, कारण लिफ्ट बदलण्यासाठी किंवा बाहेरून गिलावा करण्यासाठी प्रत्येक सदनिकेवर मोठी वर्गणी बसवण्याचा ठराव झालेला असेल, गळतीवरून वरच्या-खालच्या मजल्यांत भांडण चालू असेल, किंवा पुनर्विकासासाठी विकासक नेमण्याची चर्चा सुरू असेल, तर ते तिथेच वाचायला मिळते. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी व्हायला हवी. तो अहवाल मागावा आणि तो नसेल तर संस्थेची आपल्या इमारतीविषयीची आस्था त्यावरून जोखावी. महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरणाच्या वेळी संस्थेला घेता येणाऱ्या अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. ‘देणगी’ म्हणून याहून मोठी रक्कम मागण्याची प्रथा काही संस्थांत असेल तर तीही याच भेटीत उघड होते.

वाहन ठेवण्याच्या जागेविषयी विक्रेता जे सांगतो त्याला संस्थेच्या वाटपपत्राचा आधार लागतो. इमारतीखालची स्टिल्टमधील जागा हा सामायिक भाग असून तो बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली महाराष्ट्राच्याच कायद्याखाली ठरवले आहे. तेव्हा ‘पार्किंगसह’ म्हणून मागितलेल्या वाढीव रकमेचा आधार काय, हे विचारण्याचा खरेदीदाराला पूर्ण अधिकार आहे.

प्रत्यक्ष पाहणी एकदा दिवसा आणि एकदा रात्री करावी, आणि शक्य असल्यास पावसाळ्यात करावी. स्नानगृहाच्या छताकडे मान वर करून पाहिले की वरच्या मजल्याची गळती कळते. ताज्या रंगाखाली पापुद्रे सुटलेले असतील तर रंग गळती झाकण्यासाठी लावलेला असण्याचा संभव असतो. तुळई किंवा खांबाच्या लांबीला समांतर गेलेली भेग आतल्या गजाला गंज चढल्याचे बहुधा सुचवते, कारण गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीट फोडते. खाऱ्या हवेच्या किनारपट्टीवर, मुंबईपासून वसईपर्यंत, या दोषाकडे विशेष लक्ष द्यावे. नळाला पाणी किती वेळ येते आणि उन्हाळ्यात टँकरचा खर्च किती येतो, हे शेजाऱ्यांना किंवा पहारेकऱ्याला विचारल्यास सरळ उत्तर मिळते.

इमारत ज्या जमिनीवर आहे तिच्या आजूबाजूचे नियोजनही पाहावे लागते. विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेषा आवारातून जात नाही ना, समोरच्या मोकळ्या मैदानावर खरोखर मैदानाचेच आरक्षण आहे का, हे महापालिकेच्या झोन दाखल्यावरून कळते. पुण्यात नदी आणि ओढ्यांच्या काठी पूररेषा पाहणे अनिवार्य समजावे. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी लाल रेषेने दाखवतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरलेले पाणी पाहिलेल्या शहरात या रेषा केवळ नकाशावरच्या राहिलेल्या नाहीत. पिंपरी-चिंचवडमध्ये देहूरोड आणि दिघी येथील लष्करी आस्थापनांभोवतीच्या ‘रेड झोन’ची मर्यादा तितक्याच काळजीने तपासावी, कारण त्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आहेत.

किंमत आणि पावती

एवढी माहिती हाती आल्यावरच किमतीचा विचार सार्थ होतो. दलाल सांगतो तो भाव आणि जाहिरातीतला भाव या विक्रेत्यांच्या अपेक्षा असतात; त्याच इमारतीत वा शेजारच्या इमारतीत गेल्या वर्ष-दीड वर्षात नोंदल्या गेलेल्या व्यवहारांचा मोबदला सूची क्रमांक दोनमध्ये छापलेला असतो आणि किंमत ठरवण्यासाठी तोच सर्वांत भरवशाचा आधार आहे. तुलना करताना क्षेत्रफळ एकाच मापाने मोजावे. चटई क्षेत्र म्हणजे, स्थूलमानाने, बाहेरच्या भिंती वगळून घराच्या आत वापरता येणारी जागा. ‘सुपर बिल्टअप’ या नावाखाली जिना, लिफ्ट आणि मार्गिकांचा वाटाही मिळवलेला असतो, म्हणून एका व्यवहारातील चटई क्षेत्राचा भाव दुसऱ्यातील सुपर बिल्टअपच्या भावाशी ताडून पाहणे निरर्थक आहे. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट हे प्रमाण लक्षात ठेवून जुन्या करारातील आकडे स्वतः मोजून घ्यावेत. शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातील, म्हणजे रेडी रेकनरमधील, मूल्यही काढून ठेवावे, कारण मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि हे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. शिवाय हे मूल्य करारातील किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक जास्त असेल तर फरकाची रक्कम खरेदीदाराचे उत्पन्न समजून तिच्यावर आयकर लागू शकतो. किंमत ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास १ टक्का कर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. विक्रेता परदेशी स्थायिक झालेला असेल, आणि पुण्या-मुंबईत आईवडिलांचे घर विकणारी मुले आता अनेकदा अमेरिकेत किंवा आखाती देशांत असतात, तर ही ५० लाखांची मर्यादा लागू होत नाही आणि कपातीचा दरही बराच जास्त असतो. ती कपात न केल्यास वसुली खरेदीदाराकडून होते, म्हणून विक्रेत्याचे वास्तव्य कुठले आहे हे आरंभीच विचारून घ्यावे.

आढळलेल्या प्रत्येक उणिवेचे किमतीत रूपांतर करता येते असे मात्र नाही. मुद्रांकाची तूट, संस्थेची थकबाकी, गळतीची दुरुस्ती, येऊ घातलेली वर्गणी यांचा आकडा काढून तो किमतीतून वजा मागता येतो. एखाद्या वारसाची गैरहजेरी, भोगवटा प्रमाणपत्राचा अभाव, वर्ग २ च्या जमिनीवरील परवानगीवाचून झालेले हस्तांतरण यांना सवलतीचा आकडा लावणे योग्य नाही; विक्रेत्याने ते दोष आधी दूर करावेत आणि मगच किमतीचे बोलणे करावे, किंवा ते घर सोडून द्यावे. ‘याच कारणामुळे तर स्वस्त मिळते आहे’ हा युक्तिवाद खरेदीदाराच्या पुढील खरेदीदारालाही ऐकवावा लागणार असतो.

चौकशी पूर्ण झाल्यावर दिला जाणारा इसार लहान असावा, धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावा आणि त्याची पावती सर्व सहमालकांच्या सहीची असावी. नुसत्या विक्रीकराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५४ सांगते, त्यामुळे इसार पावती हाती आली म्हणजे घर मिळाले असे समजू नये. इसार जप्त करण्याचा अधिकार करारातील शब्दांवर अवलंबून असतो. तशी अट स्पष्ट असेल आणि खरेदीदाराच्या कसुरीमुळे व्यवहार मोडला असेल तर इसाराची रक्कम विक्रेता ठेवून घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले आहे. म्हणून पावतीवर सदनिकेचे संपूर्ण वर्णन, ठरलेली किंमत आणि मुदत यांच्याबरोबरच रक्कम कोणत्या परिस्थितीत पूर्णपणे परत मिळेल हे लिहून घ्यावे: वृत्तपत्रातील जाहीर नोटिशीला मुदतीत हरकत आली तर, सर्च रिपोर्टमध्ये दोष निघाला तर, मालमत्तेच्या कागदपत्रांच्या कारणावरून बँकेने कर्ज नाकारले तर, आणि अमुक तारखेपर्यंत विक्रेत्याने अमुक कागद सादर केला नाही तर. या अटी मान्य करायला विक्रेता तयार नसेल, तर त्याचे कारण काय हेही इसार देण्यापूर्वी विचारून घ्यावे. इसारानंतर होणाऱ्या साठेखतातील कलमांचा आणि त्याच्या नोंदणीचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.